मुलीची पाळी दोन-दोन महिने येत नसेल तर



या पानावर आपण बहुधा बेणेप्रक्रिया आणि खोडव्याची निगा यांवरच बोलतो. आजचा विषय बायकांनी बायकांतच बोलायचा, असा आपल्याकडे समज आहे. परंतु दवाखान्याचे पैसे बहुतेक घरांत कारभाऱ्याच्याच हातून सुटतात, म्हणून पुरुष सभासदांनीही हे वाचावे अशी आमची विनंती आहे.

कित्येक मुलींची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे जात नाहीत, मान काळवंडते, वजन वाढते. सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो. डॉक्टर याला पीसीओएस म्हणतात, बोलण्यात पीसीओडी. साधारण दहाजणींत एकीला तो असतो. पुष्कळदा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होते. त्याने बीजांडकोशात पुरुषी हार्मोन वाढते आणि बीज पुरते पिकून बाहेर पडत नाही. सोनोग्राफीत 'गाठी' म्हणतात त्या ही अर्धवट राहिलेली बीजेच. कॅन्सर म्हणून घाबरू नये.

'लग्न झालं की होतंय सुरळीत' म्हणून घरोघर हे झाकून ठेवतात. लग्नाने ते जात नाही. उलट दिवस राहायला वेळ लागला की सारा दोष पोरीच्या माथी! वास्तविक उपचाराने बहुतेकींना मूल होते. बीज सुटण्यासाठी गोळ्या आहेत.

पाळी नवीन असताना थोडे मागेपुढे चालते. तीन वर्षांनंतरही ३५ दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, किंवा पहिल्या वर्षानंतर एकदा जरी सलग तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. लागणीची तारीख आपण नोंदवतो, तशा पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात. थायरॉइड आणि साखर तपासतात. सोनोग्राफी लागलीच तर अविवाहित मुलीची पोटावरूनच करतात, त्याची धास्ती नको.

रोज भरभर चालणे, कडधान्य, आणि गोड चहा कमी. (साखर कारखान्याच्या पत्रकात हे लिहिताना आम्हालाही हसू येते, पण खरे ते खरे.) वजन जास्त असेल तर शंभरातले पाच-दहा टक्के उतरले तरी अनेकींची पाळी रुळावर येते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. दुर्लक्ष केल्यास पुढे मधुमेह, आणि महिनोन् महिने पाळी न आल्याने गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचाही धोका वाढतो.

म्हणून पिशवीच काढून टाका, असे कोणी सांगितले तर थांबा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे २०१९ साली गाजले व शासनाने चौकशी समिती नेमली. पीसीओएसमध्ये बिघाड हार्मोनचा. पिशवी गेली तरी तो राहतोच. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे गावच्या आशाताईंना विचारा. हनुवटीच्या केसांवरून घरात कोणी पोरीला चिडवत असेल तर ते आधी बंद करा. त्या लाजेपायीच पुष्कळ मुली दवाखान्याला येत नाहीत.