रुग्णनोंदींची राखीव प्रत : लहान रुग्णालयासाठी एक आवश्यक शिस्त

रुग्णालयाची संपत्ती म्हटली की इमारत, खाटा, क्ष-किरण यंत्र, रुग्णवाहिका डोळ्यांपुढे येतात. देणगीदारांच्या औदार्यातून त्या उभ्या राहतात व सर्वांना दिसतात. रुग्णाच्या आजाराची नोंद ही मात्र न दिसणारी संपत्ती आहे. यंत्र बिघडल्यास दुसरे घेता येते. दहा वर्षांच्या रक्तदाबाच्या नोंदी किंवा एखाद्या औषधाचे वावडे असल्याची टीप पुन्हा विकत मिळत नाही. मालवण परिसरातील अनेक रुग्णांना पुढील उपचारांसाठी गोव्यात बांबोळीला जावे लागते. आधी कोणते उपचार झाले, हे तेथील डॉक्टरांना प्रथम जाणून घ्यावे लागते. त्याचे उत्तर आज बहुधा संगणकात असते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. म्हणूनच बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव प्रत, ही रुग्णसेवेचाच भाग ठरते.

धोके कोणते?

किनाऱ्यावरील खारी, दमट हवा संगणकातील धातूच्या जोडण्या गंजवते. विजेचा कमी-अधिक दाब आणि वळवाच्या पावसातील विजा हार्ड डिस्क क्षणात निकामी करू शकतात. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ला भागांत वीजपुरवठा कोलमडला. अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी केवळ इंटरनेटवर ठेवलेली प्रत सुरक्षित असूनही हाती लागत नाही, आणि केवळ रुग्णालयात ठेवलेली प्रत इमारतीबरोबरच भिजू शकते.

दुसरा धोका मानवनिर्मित आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मधील सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे बरेच दिवस हाताने करावी लागली. हल्ल्याची झळ न लागलेल्या राखीव सर्व्हरवरून ‘ई-हॉस्पिटल’ची माहिती परत मिळाल्याचे सरकारने पुढे संसदेत सांगितले. देशातील अग्रगण्य संस्थेला ज्या प्रतीने तारले, तिची गरज लहान रुग्णालयाला अधिकच आहे.

जतनाची पद्धत

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खारे पाणी असले, तरी आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. माहितीचेही तसेच असावे. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक वास्तूबाहेर, हा नियम जगभर मानला जातो. आपल्याकडे तो असा पाळता येईल :

१. रोज रात्री काम संपल्यावर, नोंदणीच्या प्रोग्राममधील बॅकअपची सोय वापरून प्रत घ्यावी. प्रोग्राम चालू असताना फाईल नुसती उचलून ठेवल्यास ती अर्धवट निघण्याचा संभव असतो.

२. दर आठवड्यास बाहेरील हार्ड डिस्कवर प्रत घ्यावी व डिस्क लगेच संगणकापासून सोडवावी. जोडलेली डिस्क संगणकातील विषाणूच्या तावडीत मूळ माहितीबरोबरच सापडते. दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात आणि एक दुसऱ्या वास्तूत, कोरड्या जागी, कुलपात ठेवावी.

३. इंटरनेटद्वारे दूरच्या सर्व्हरवर प्रत पाठवताना ती सांकेतिक रूपात असावी. रुग्णाचा आजार ही त्याची खासगी बाब आहे. पासवर्ड मोहोरबंद पाकिटात दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा. तो हरवल्यास प्रत असून नसल्यासारखीच.

४. दर महिन्याची एक प्रत वेगळी जपावी. चूक उशिरा लक्षात आली, तर कालच्या प्रतीतही तीच चूक उतरलेली असते.

खरी परीक्षा

प्रत घेतली म्हणजे काम संपले, हा समज घातक आहे. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर संकटकाळी विसंबता येत नाही. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर माहिती पुन्हा उभी करावी, काही जुन्या रुग्णांच्या नोंदी उघडून मूळ कागदांशी ताडून पाहाव्यात आणि लागलेला वेळ वहीत लिहून त्याखाली सही करावी. हे काम कोणाचे, आणि ती व्यक्ती रजेवर असता कोणाचे, हे आधीच ठरलेले असावे. विश्वस्तांनी लेखापरीक्षणाबरोबर ही वहीही पाहिल्यास शिस्त आपोआप टिकेल.

रुग्णांच्या नातेवाइकांनीही डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी आणि तपासणी अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत घरी जपून ठेवावेत. वीज नसलेल्या रात्री तोच कागद डॉक्टरांच्या कामी येतो.

हार्ड डिस्कवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही, आणि क्ष-किरण यंत्राच्या मानाने हा खर्चही किरकोळ आहे. तरीही वादळानंतरच्या सकाळी दारात आलेल्या रुग्णाला ‘आपली नोंद आमच्याकडे आहे’ असे सांगता येणे, हे या खर्चाचे मोल आहे.