डेमलो संख्या : नऊपर्यंतच

श्रोतेहो, उल्हासनगरच्या एका सप्ताहात माझ्या तोंडून चुकीचं विधान गेलं. ते दुरुस्त करावं म्हणून हा पाठ.

दृष्टांत देताना मी म्हणालो, ‘एकाचा वर्ग एक, अकराचा १२१, एकशे अकराचा १२३२१. एक एक एकडा वाढवीत जा. आकडे पायरीपायरीने चढतात, तसेच उतरतात, आणि हे अनंतापर्यंत चालतं.’ आरतीनंतर सातवीतला एक मुलगा वही घेऊन आला. ‘बुवा, दहा एकड्यांना मोडतंय.’ मी हसून वेळ मारून नेली. घरी रात्री गुणाकार मांडला, तर पोर खरं!

या संख्या आपल्या शेजारच्याच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीच्या शाळेतले मास्तर. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर डेमलो स्टेशन होतं, म्हणजे आजची डोंबिवली. तिथे त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून नाव डेमलो संख्या. उल्हासनगरहून गाडीत बसलं की विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली, की आलीच.

आता नऊ एकड्यांचा वर्ग घ्या : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत असं मोजत गेलं की सतरावं स्थान ‘मध्य’ आणि अठरावं ‘परार्ध’. म्हणजे ही संख्या परार्धाच्या एकच पायरी अलीकडे थांबली. ही विषम, ही वर्गसंख्या, उलटी वाचली तरी तीच. अंकांची बेरीज ८१, आणि त्या ८१ने तिला नि:शेष भाग जातो. कारण १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९, आणि नवाचा वर्ग ८१. अशा संख्येला कापरेकरांनीच ‘हर्षद’, हर्ष देणारी, म्हटलं. सगळ्याच डेमलो हर्षद नव्हेत हं. १२१ची बेरीज चार, चाराने भाग जात नाही. १२३२१ची नऊ, जातो. अंबरनाथच्या शिवालयाचा शिलालेख शके ९८२चा. बेरीज १९, बाकी १३ उरते. हर्षद नाही, पण देऊळ हर्ष देतंच!

मोडतं कुठे? नऊ एकड्यांचा गुणाकार मांडला की नऊ ओळी, प्रत्येक एक घर सरकलेली. मधल्या उभ्या रांगेत नऊ एकडे; नऊ एका घरात मावतात. दहा एकडे घेतले की मधे दहा होतात. शून्य मांडून हातचा एक डावीकडे. तिथले नऊ दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. आठाचे नऊ, आणि तिथे थांबतं. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. अंक एकोणीस, परार्धाच्याही पलीकडे. उलटी वाचली तर वेगळी. बेरीज ८२, संख्या विषम, तेव्हा हर्षदही नाही.

माझा हा दृष्टांत ऐकून कुणी पुढे सांगत असतील, त्यांनी ‘नऊपर्यंत’ एवढा शब्द घालावा. मी येत्या सप्ताहात त्याच मंडपात, त्या मुलाला पुढे बोलावून, त्याची वही वाचणार आहे.