ओटा काळाच का?

प्रश्न : आमची इमारत भाईंदर पूर्वेला नवघर रोडलगत, तीसेक वर्षांपूर्वीची. स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा जागोजागी पांढुरका पडलाय, म्हणून यंदा तो काढून नवा घालायचं ठरलंय. सुनेला पांढरा क्वार्ट्झ हवाय, मुलगा म्हणतो स्टीलचा कर, मिस्त्री म्हणतो, 'आँख बंद करके काला ग्रॅनाइट.' माझं कुतूहल मात्र निराळंच आहे. शेजारीपाजारी ज्या घरात डोकावते तिथे ओटा काळाच. असं का? आणि आपला अख्खा सह्याद्री काळ्या दगडाचा असताना ओट्याचा दगड आंध्र-कर्नाटकातून का आणतात?
– एक वाचिका, भाईंदर (पूर्व)

उत्तर : ताई, सुनेचं, मुलाचं आणि मिस्त्रीचं नंतर बघू. आधी तुमच्या प्रश्नातली एक गंमत. ज्याला आपण काळा ग्रॅनाइट म्हणतो, तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच.

भूशास्त्राच्या पुस्तकातला ग्रॅनाइट म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि थोडंफार अभ्रक. त्याचा रंग गुलाबी, करडा, पांढरट. दगडाच्या बाजाराला या व्याख्येशी देणंघेणं नाही. संगमरवरापेक्षा कठीण आणि आरशासारखं पॉलिश धरणारा जो दगड, तो बाजारात ग्रॅनाइट. ओट्यावरचा काळा दगड असतो डोलेराइट नाहीतर गॅब्रो. त्यात मुख्यतः दोन खनिजं असतात, प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन, आणि आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्येही नेमकी हीच दोन. म्हणजे तुमच्या शेजारणीचा ओटा आणि तुमच्या आजीचा पाटा-वरवंटा हे सख्खे नसले तरी चुलतभाऊ नक्की.

मग चुलतभाऊ लांबून का आणायचा? साखरेचा पाक डोळ्यांपुढे आणा. तोच पाक सावकाश, न हलवता गार होऊ दिला की खडीसाखर बनते, घट्ट आणि मोठ्या स्फटिकांची. फसफसवून झटक्यात थंड केला की बत्तासा होतो. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आला, थरावर थर पसरला आणि उघड्या हवेत भराभर निवला. निवताना आकसला, आकसताना तडकला. वायूचे बुडबुडे अडकून काही थर सच्छिद्र झाले. डोलेराइट आणि गॅब्रोचा रस वर आलाच नाही, पोटातच मुरला. तिथे त्याला निवायला भरपूर वेळ मिळाला, म्हणून त्याचा दाणा मोठा आणि वीण घट्ट. आपल्या बेसॉल्टची खडी होते, उंबरठा होतो, जातं होतं. पण आठ फूट लांब, १८ मिलिमीटर जाड, एकही चीर नसलेली लादी त्यातून काढायची तर दहातल्या नऊ खाणमालकांना परवडणार नाही. (वेरूळचं कैलास लेणं याच बेसॉल्टातलं, हे मला माहीत आहे. पण तिथे डोंगर जागच्या जागी कोरला. पापडासारखा कापून ट्रकवर चढवला नाही.)

ओट्याला लागणारा एकसंध काळा दगड आंध्र, तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या फार जुन्या खडकांत सापडतो. काळ्यावर सोनेरी ठिपके असलेला 'ब्लॅक गॅलेक्सी' तुम्ही पाहिला असेल. तो आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा. ते ठिपके सोन्याचे नाहीत, पायरॉक्सिनच्याच एका प्रकाराचे, पण ते उजेडात चमकतात आणि दुकानदाराचे डोळेही त्यांच्याबरोबर चमकतात.

आता तुमच्या जुन्या ओट्याकडे येऊ. काळ्या ओट्याची सवय आपल्याला लावली ती कडप्प्याने. मुंबईहून चेन्नईच्या गाडीत बसलात तर वाटेत आधी शहाबाद लागतं आणि बरंच पुढे गेल्यावर कडप्पा. तुमच्या भाईंदर स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या दिल्लीच्या गाड्या कोट्यावरून जातात. आपल्या घरातल्या फरश्यांची नावं म्हणजे रेल्वेचं टाइमटेबलच! हे तिन्ही दगड चुनखडकाच्या जातीचे. थरांमध्ये सुटतात, कमी मेहनतीत लाद्या निघतात, म्हणून स्वस्त. बिल्डरांनी वर्षानुवर्षं ओट्याला कडप्पा दिला, आणि ओटा म्हटला की काळा हे आपल्या डोळ्यांत बसलं. पुढे परवडू लागलं तसा कडप्पा खाली गेला, ओट्याचे उभे आणि आतले फळे झाला, आणि वर ग्रॅनाइट आला. रंग तोच राहिला.

पण चुनखडकाचं आंबटाशी वाकडं असतं. लिंबू, चिंच, कोकम, ताक, टोमॅटो यांतलं काहीही सांडून तसंच राहिलं की आम्ल दगडातलं कॅल्शियम कार्बोनेट खातं आणि तिथली चकाकी जाते. तुमचा कडप्पा पांढुरका पडला तो मळाने नाही, झिजेने. तो घासून जाणार नाही. संगमरवराची कथा तीच, मग तो ताजमहालाच्या मकराण्याचा का असेना. आगळाच्या बाटलीचं बूड संगमरवरावर रात्रभर राहिलं की सकाळी नेमका तेवढा गोल उमटलेला दिसतो. ज्या घरात आठवड्यातून चार वेळा सोलकढी होते तिथे मकराणा देवघरात शोभतो.

डोलेराइट-गॅब्रोला लिंबाचं काही वाटत नाही, आणि तापल्या तव्याचंही फारसं नाही. शिवाय हळदीचा डाग काळ्यावर दिसतच नाही. यात लबाडी आहे म्हणा, पण उपयोगी लबाडी आहे. उलट बाजूही सांगतो. बोअरचं किंवा टँकरचं खारं पाणी ओट्यावर वाळलं की त्याचे पांढरे ओघळ काळ्यावर जितके उठून दिसतात तितके कशावरच दिसत नाहीत. पोळ्या लाटून झाल्यावर ओट्यावर जो पिठाचा नकाशा उरतो तोही.

म्हणजे मिस्त्री बरोबर. फक्त त्याचं 'आँख बंद करके' ऐकू नका. मी ऐकलं होतं. हायवेलगतच्या एका गोदामात मला कोळशासारखी काळीभोर लादी दाखवली, भावही बरा लावला, मी हरखून घेतली. आठ महिन्यांत मोरीच्या कडेचा पट्टा करडा झाला. दगड मुळात करडाच होता, त्याला काळं करून विकला होता. फिकट दगडाला रंग आणि मेण चोपडून 'जेट ब्लॅक' करण्याची कला या धंद्यात जुनी आहे. तेव्हापासून दगड बघायला जाताना मी खिशात दोन वस्तू ठेवतो. एक अर्धं लिंबू, दुसरी नेलपॉलिश काढायच्या द्रावणाची बाटली, आत ॲसिटोन असलेली. लादीच्या कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा घासायचा. बोळा काळा झाला तर रंग दगडाचा नाही, डब्यातला आहे. मग लिंबाचे चार थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि पुसून तिरकं बघायचं. तिथे मंद डाग उमटला तर वस्तू ओट्याच्या कामाची नाही. शेवटी पाण्याचा एक थेंब. दहा मिनिटांनी त्याखालचा दगड गडद दिसला तर तो पाणी पितो, आणि जो पाणी पितो तो तेलही पिणार. एवढा वेळ उभं राहू द्यायला दुकानदार कुरकुरला तर ओळखून घ्या. आणि लादीची पाठ बघा. पुढून काळी आणि मागून राखाडी हे थोडंफार चालतं, कारण पॉलिशने दगड गडद दिसतो. पण कापलेल्या कडेला काळेपणा वरच्या पापुद्र्यापुरताच दिसला, तर लिंबू वाया घालवू नका.

सूनबाईंचा पांढरा क्वार्ट्झ दिसतो सुरेख, यात शंका नाही. अंधाऱ्या स्वयंपाकघरात तो उजेड आणतो आणि तुमच्या दोन इमारतींमधल्या फटीकडे उघडणाऱ्या खिडकीला उजेडाची गरज असणारच. पण तो खाणीतून लादी होऊन येत नाही. क्वार्ट्झचा चुरा साधारण ९० टक्क्यांहून अधिक आणि बाकी रेझिन, असं कारखान्यात दाबून बनवतात. त्यामागचं यंत्रतंत्र इटलीतल्या ब्रेटॉन कंपनीचं. चुरा कठीण, ओरखडत नाही. नाजूक असतं ते रेझिन. साधारण १५० अंश सेल्सियसच्या पुढे त्याचा भरवसा नाही. कुकर १२० अंशांच्या आसपास असतो, तो एखाद्या वेळी खपून जाईल. पुऱ्या तळलेली कढई १८० च्या घरात आणि पोळ्यांचा तवा त्याहून वर. तो टेकवला की पिवळा चट्टा पडतो आणि कायमचा राहतो. घरात अडणी वापरायची शिस्त असेल तर क्वार्ट्झ घ्या. हळद सांडली तर लगेच पुसा. पिवळी झाक राहिलीच तर उन्हाने उडते, पण ओटा काही उन्हात नेता येत नाही.

क्वार्ट्झबद्दल आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे. तो कोरडा कापताना उडणारी धूळ म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. ती कापणाऱ्याच्या फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडाच्या अशा लाद्यांवर बंदी घातली. आपल्याकडे कारागीर जिन्याच्या चौकात बसून, तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवतो. रुमालाने ती धूळ अडत नाही. काळ्या गॅब्रोत मोकळा क्वार्ट्झ जवळपास नसतो, म्हणून तो त्या मानाने कमी घातक. पण धूळ ती धूळच. दगड कुठलाही घ्या, माप घेऊन गोदामातच पाण्याखाली कापून आणायला सांगा. सोसायटीचे सेक्रेटरीही खूश राहतील.

मुलाचं स्टील? तुम्ही भाईंदरकर. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचंच हे गाव, तेव्हा त्याला ते सुचणं साहजिक आहे. स्टीलच्या ओट्याला वास धरत नाही, पाणी मुरत नाही. उत्तनकडे जिथे रोज बोंबील नाहीतर सुरमई साफ होते तिथे मी आधी स्टीलच सुचवीन. मात्र ३०४ ग्रेड मागा, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त. खाडीच्या आणि मिठागरांच्या हवेत त्यावर तांबूस ठिपके लवकर येतात. लोहचुंबक लावून पाहू नका, दोन्ही ग्रेड त्याला जवळपास दाद देत नाहीत. पक्क्या बिलावर ग्रेड लिहून घ्या. ओरखडे पडणार आणि खलबत्ता घातला की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाणार. मला विचाराल तर मोरीलगतचा अडीच-तीन फुटांचा तुकडा स्टीलचा आणि बाकी दगड. मुलाचंही ऐकल्यासारखं होईल.

नॅनो व्हाइट म्हणून जे शुभ्र चकचकीत विकतात ती मुळात काच आहे. कोपऱ्याचा टवका उडाला की दुरुस्ती नाही, आणि आपल्याकडे नारळ ओट्याच्या कडेवरच फुटतो. मोरबीच्या मोठ्या व्हिट्रिफाइड लाद्या उष्णतेला आणि डागाला छान, पण कड सांभाळावी लागते. कोरियनसारखे ॲक्रिलिकचे ओटे बिनसांध्याचे होतात. तव्यापुढे तेही लेचेपेचे.

दगड ठरला की कामाच्या दोन गोष्टी. बिल्डरच्या ओट्याच्या उंचीवर जाऊ नका. जी जास्त वेळ उभी राहणार तिने कोपर दुमडून उभं राहावं, आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा यावा. तुमच्यात आणि सुनेत उंचीचा फरक असेल तर पोळ्या कोण लाटतं यावर निकाल लावा. दुसरं, सात फूट बाय दोन फुटांची १८ मिलिमीटरची लादी साधारण ७० किलो भरते. तुमच्या लिफ्टमध्ये ती उभीही मावणार नाही बहुधा. चार माणसं जिन्याने चढवतील. मजुरी आधीच ठरवा, नाहीतर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर लादी भिंतीला टेकवून नव्याने घासाघीस सुरू होते आणि तिथे आपली बाजू लंगडी असते.

आणि तो जुना कडप्पा मलब्यात जाऊ देऊ नका. मिस्त्री हातोडा उचलेल, कारण तुकडे करून गोण्यांत भरणं त्याला सोपं. त्याला म्हणावं, सांध्यात छिन्नी घालून अख्खा काढ. पृष्ठभाग खराब झाला असला तरी तीस वर्षांत तो वाकलेला नाही. कापून नव्या ओट्याचे उभे करा. प्लायवूडच्या कपाटासारखा तो पाण्याने फुगत नाही आणि वाळवीला त्यात खायला काही नाही. एक हातभर तुकडा उरला तर बाल्कनीत कुंड्यांखाली ठेवा, तिथे लिंबू सांडलं तरी चालेल.