भावांतराचा हिशेब : सोयाबीन उत्पादकांसाठी

माळव्याच्या काळ्या जमिनीत पूर्वी खरिपात पुष्कळ शेते पडीक ठेवली जात. 1970 नंतर तेथे सोयाबीनचा प्रसार झाला आणि पडीक हंगामातून शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा येऊ लागला. परंतु सर्वांचे पीक एकाच वेळी मंडीत येते व भाव पडतो, ही अडचण कायम राहिली.

या अडचणीवर उपाय म्हणून मध्य प्रदेश शासनाने 2017 च्या खरिपात भावांतर भुगतान योजना सुरू केली. सोयाबीन, भुईमूग व तीळ यांसह आठ पिके तीत होती. 2025 च्या खरिपात ही पद्धत सोयाबीनसाठी पुन्हा अवलंबिण्यात आली. 24 ऑक्टोबर 2025 ते 15 जानेवारी 2026 हा विक्रीचा काळ ठरला. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता.

या योजनेत शासन माल खरेदी करीत नाही. नोंदणी केलेला शेतकरी आपला माल नेहमीप्रमाणे मंडीत व्यापाऱ्यास विकतो आणि तुटीची रक्कम शासन त्याच्या बँक खात्यात जमा करते. तूट मोजण्यासाठी मंड्यांतील विक्रीदरांवरून एक सरासरी दर काढतात. त्यास 'मॉडेल दर' म्हणतात.

उदाहरण

समजा, मॉडेल दर 4,300 रुपये आहे आणि तीन शेतकऱ्यांकडे प्रत्येकी 20 क्विंटल सोयाबीन आहे.

पहिल्याने मंडीत 4,600 रुपयांनी विकले. हा भाव मॉडेल दराहून अधिक, पण हमीभावाहून कमी आहे. म्हणून त्यास क्विंटलमागे 728 रुपये मिळतील व हमीभाव पुरा पदरात पडेल.

दुसऱ्याचा माल ओला व कचरायुक्त असल्याने 4,000 रुपयांनी गेला. त्याची तूट 1,328 रुपयांची. परंतु शासन हमीभाव व मॉडेल दर यांतील अंतर, म्हणजे 1,028 रुपयेच देईल. उरलेले 300 रुपये त्याचे त्यास सोसावे लागतील. वीस क्विंटलांवर हे नुकसान 6,000 रुपयांचे होते.

तिसऱ्याने पैशाच्या निकडीने गावातच 4,400 रुपयांनी माल दिला. भाव दुसऱ्याहून बरा मिळाला. पण विक्री मंडीत नोंदली न गेल्याने भावांतर मुळीच नाही. क्विंटलमागे 928 याप्रमाणे त्याचे 18,560 रुपये बुडाले.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

भावांतर कितीही मालावर मिळत नाही. नोंदलेले क्षेत्र व जिल्ह्याची सरासरी उत्पादकता यांवरून पात्र परिमाण ठरते. म्हणून पेऱ्याची नोंद अचूक असणे अगत्याचे आहे. बँक खाते आधारशी जोडलेले असावे आणि मंडीतील विक्रीची पावती जपून ठेवावी.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. 2017 मध्ये योजना सुरू होताच मंड्यांत आवक वाढून भाव घसरल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. शिवाय भावांतराची रक्कम विक्रीनंतर काही काळाने मिळते. मजुरी व उधारी मात्र तोवर थांबत नाही. तिसऱ्या शेतकऱ्याची निकड खोटी नसते, हे अधिकाऱ्यांनीही विसरू नये. त्यास दोष देण्यापेक्षा नोंदणी वेळेत करून देणे व रक्कम लवकर पोचविणे अधिक हिताचे होय.

शाळेतील गुरुजींनी हा हिशेब फळ्यावर मांडून मुलांकडून सोडवून घ्यावा. मुले तो घरी सांगतील, आणि पुढे अशी योजना येईल तेव्हा माल कोठे व कसा विकावा याचा निर्णय शेतकऱ्यास जाणतेपणाने घेता येईल.