ताणा-बाणा आणि दिव्यांची माळ

हंगामात दुकानाच्या दर्शनी भागावर रोषणाई करावीच लागते. एका साली ऐन ईदच्या तोंडावर आमची धावती माळ जागच्या जागी थांबली. बसविणाऱ्याने सांगितले की नमुना पेटीत भरलेला आहे, पेटी उघडत नाही, नवी घ्या. आम्ही घेतली. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण लाज जास्त वाटली. कापडाची वीण ओळखणारे आम्ही, आणि चार दिव्यांच्या नक्षीसाठी दुसऱ्याच्या दारात उभे! पुढे भाच्याला सोबत घेऊन हे काम शिकलो. ते व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

मूळ गोष्ट आपल्या ओळखीची आहे. फ्रान्समधील लियों शहरी जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो. दिव्यांचेही असेच. पेटला म्हणजे १, विझला म्हणजे ०. पुठ्ठ्याच्या जागी येथे संगणकाची ओळ असते, इतकाच फरक.

सामान

रास्पबेरी पाय हा एकाच पाटीवरचा संगणक फेब्रुवारी २०१२ मध्ये इंग्लंडमधून बाजारात आला. आज प्रचलित असलेल्या पाटीला ४० पिना असतात. त्याखेरीज ब्रेडबोर्ड, चार लाल एलईडी, ३३० ओहमचे चार रेझिस्टर (पट्टे नारिंगी, नारिंगी, तपकिरी) आणि जोडतारा लागतात. ब्रेडबोर्डवर डाग द्यावा लागत नाही, तार भोकात खोचली की झाले. त्यातील पाच-पाच भोके आतून जोडलेली असतात व मधल्या खाचेपाशी जोड तुटतो. आम्ही पहिल्या दिवशी दिव्याचे दोन्ही पाय एकाच पाचात खोचले आणि तासभर दिव्यालाच दोष देत बसलो.

जोडणी

वीज बंद करूनच हात घालावा. पिनेपासून तार रेझिस्टरला, रेझिस्टर दिव्याच्या लांब पायाला, आणि आखूड पाय कडेच्या पट्टीला. ती पट्टी ६ क्रमांकाच्या पिनेला, म्हणजे ग्राउंडला जोडावी. चार दिव्यांना ११, १२, १३ आणि १५ या पिना घ्याव्यात. येथे एक चकवा आहे. याच पिनांना संगणक अनुक्रमे १७, १८, २७ आणि २२ म्हणून ओळखतो. जोडताना पहिले आकडे पाहावेत, लिहिताना दुसरे.

रेझिस्टर कधीही गाळू नये. पिनेवर ३.३ व्होल्ट येतात, लाल दिवा सुमारे २ व्होल्ट घेतो, उरलेल्या १.३ ला ३३० ने भागले की सुमारे ४ मिलिअँपिअर होतात. पिनेला एवढे सहज झेपते. रेझिस्टर नसेल तर प्रवाहाला लगाम राहत नाही. दिवा जातो, कधी पिनही जाते. काही पैशांची वस्तू वाचवून हजारोंची पाटी जाळण्याचा हा सौदा कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणारा नाही.

नमुना

पायथन भाषेत ‘जीपीआयओ झीरो’ नावाचा तयार संच मिळतो. प्रथम चार दिव्यांचे आकडे सांगावेत, मग नमुन्याच्या ओळी लिहाव्यात. प्रत्येक ओळ दाखवून ०.३ सेकंद थांबावे आणि शेवट आला की पुन्हा पहिल्या ओळीवर जावे. नमुने असे:

सादी वीण:
१ ० १ ०
० १ ० १

दोनास दोन ट्विल:
१ १ ० ०
० १ १ ०
० ० १ १
१ ० ० १

प्रत्येक स्तंभ म्हणजे ताण्याचा धागा, प्रत्येक ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. पहिल्या नमुन्यात दिवे आळीपाळीने लुकलुकतात, दुसऱ्यात जोडी पुढे धावते. ट्विलच्या कापडावर जी तिरपी रेघ दिसते, तीच येथे धाव बनते. आमच्या माळेची दिशा पहिल्यांदा उलटी निघाली. तारा उपसाव्या लागल्या नाहीत. ओळींचा क्रम फिरविला आणि माळ सरळ धावली.

खबरदारी

पिनेचे काम इशारा देण्याचे; दुकानाची मोठी माळ तिच्यावर लादू नये. कमी व्होल्टच्या माळेला वेगळा पुरवठा द्यावा व मध्ये ट्रान्झिस्टर घालावा. भरभर बदलणाऱ्या नमुन्याला रिले नको, त्याचे संपर्क झिजतात. २३० व्होल्टच्या तारेला जाणत्या वायरमनखेरीज कोणी हात लावू नये.

हिशेबाने पाहता चार दिव्यांसाठी सबंध संगणक जास्तच होतो. शिकून झाल्यावर हेच काम २०२१ साली निघालेल्या पिकोसारख्या लहान, स्वस्त पाटीवर नेता येते. पण शिकावे जरूर. आपल्या कित्येक वस्त्यांत माग चालविणारे हात पुष्कळ आहेत, नक्षी मांडणारे थोडे. मोल मात्र नक्षीचे अधिक मिळते. घरातील मुलगा-मुलगी चार ओळी स्वतः लिहून दिवा पेटवील, तर उद्या त्या बंद पेटीपुढे आपल्यासारखे हात जोडून उभे राहणार नाही.