शर्यतीच्या खेळासाठी स्टिअरिंग आणि पेडल : निवड कशी करावी?

पडद्यावर मोटार पळविण्याचा खेळ काही आजचा नाही. अटारी कंपनीने १९७४ साली काढलेल्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ ह्या खेळयंत्राला स्टिअरिंग होते, गिअरचा दांडा होता आणि पायाशी दोन पेडलेही होती. आज घरच्या संगणकावर चालणारे ‘असेटो कोर्सा’सारखे खेळ टायरची पकड, मोटारीच्या वजनाचे पुढेमागे सरकणे, ब्रेकचा जोर हे सारे गणिताने मांडतात. अशा खेळाला हातातला बटणांचा कंट्रोलर अपुरा वाटू लागला, की विद्यार्थी स्टिअरिंग घेण्याचा विचार करतो. पैसे चुकीच्या ठिकाणी पडण्याचा संभव असतो तो येथेच. दुकानात नजर भरते ती चाकाच्या चामड्यावर आणि दिव्यांवर. शर्यतीतला वेळ मात्र प्रामुख्याने वाचतो किंवा वाया जातो तो पायामुळे. ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या आधाराने तपासून पाहणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

१. चाक हाताला काय सांगते?

खरी मोटार वळण घेते तेव्हा पुढचे टायर किंचित तिरके राहून पुढे जात असतात. टायरवरचे आडवे बल, टायर जेथे जमिनीला टेकतो त्या भागाच्या बरोबर मध्यावर न पडता थोडे मागे पडते. ह्या अंतरामुळे चाकाला पुन्हा सरळ होण्याची ओढ लागते आणि तीच ओढ स्टिअरिंगमधून हाताला जाणवते. टायर घसरण्याच्या बेतात आला, की हे अंतर कमी होत जाते. परिणामी आडवे बल शिखराला पोहोचण्यापूर्वीच स्टिअरिंग हलके पडू लागते. पकड संपत आल्याची ही पूर्वसूचना होय. चांगल्या चाकातली मोटर खेळाने काढलेल्या गणिताप्रमाणे हीच ओढ हाताशी उत्पन्न करते.

स्वस्त चाकांत अशी मोटर नसते. आत रबर किंवा स्प्रिंग असते आणि ती चाकाला नेहमी मध्यावर आणत राहते. रस्ता कोरडा असो, ओला असो, की बर्फाचा असो, तिची ओढ एकसारखीच. म्हणजे हाताला माहिती काहीच मिळत नाही. असे चाक घेण्यापेक्षा साधा कंट्रोलर बरा.

मोटर असलेल्या चाकांचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात मोटरचा जोर दातेरी चाकांमधून येतो. लॉजिटेकचे जी-२९ हे ह्याचे परिचित उदाहरण. ते ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरते आणि टिकाऊही आहे. परंतु दात्यांमधल्या बारीक फटीमुळे खडखड होते व सूक्ष्म जाणिवा त्यात बुडून जातात. दुसऱ्या प्रकारात जोर पट्ट्यामार्फत येतो. थ्रस्टमास्टरचे टी-३०० ह्या वर्गातले. त्याची हालचाल मऊ व शांत असते. तिसऱ्यात मध्ये काहीच नसते. चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसविलेले असते. हा प्रकार पूर्वी फार महाग होता. फॅनाटेक कंपनीने २०२१ साली ‘सीएसएल डीडी’ आणल्यावर तो पुष्कळ खाली उतरला, आणि पुढे मोझासारख्या चिनी कंपन्यांमुळे आणखी आवाक्यात आला.

जाहिरातीत पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. तो समजून घेण्यास एक छोटे गणित पुरे. चाकाचा व्यास २८ सेंटिमीटर धरला तर त्रिज्या ०.१४ मीटर होते. जी-२९चा जोर सुमारे २ न्यूटन-मीटर आहे. त्याला ०.१४ने भागले, की कडेवर सुमारे १४ न्यूटन, म्हणजे दीड किलो वजनाइतकी ओढ येते. ‘सीएसएल डीडी’चा जोर ५ न्यूटन-मीटर, मोठा अडॅप्टर जोडल्यास ८. म्हणजे कडेवर अनुक्रमे साडेतीन आणि पावणेसहा किलो. फरक मोठा आहे हे खरे. परंतु वर सांगितलेली हलकेपणाची सूचना दीड किलोच्या ओढीतही ओळखता येते. जोर वाढविल्याने बारकावे अधिक स्पष्ट होतात. पूर्वी मिळतच नव्हती अशी वेगळी विद्या हाती येते असे मात्र नाही.

२. ब्रेक : जोर की अंतर?

आता पायाकडे वळू. इटलीतील मोंझाच्या मैदानावर फॉर्म्युला वन मोटारी सरळ रस्त्यावर ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातात आणि पहिल्या वळणासाठी १००च्या खाली येतात. वेग एक-तृतीयांश झाला, की गतिज ऊर्जा एक-नवमांश उरते. बाकीची सारी ऊर्जा काही क्षणांत खर्च करावयाची असते. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. ब्रेक लावण्यात सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक पडला तर मोटार ८ मीटर पुढे निघून जाते. शिवाय वेग कमी होईल तसा हवेचा मोटारीवरचा खालचा दाबही कमी होतो. म्हणून आरंभी पूर्ण जोर आणि नंतर तो हळूहळू सोडीत जाणे आवश्यक असते. सोडण्यात चूक झाली, की चाके जखडतात आणि जखडलेले चाक वळत नाही.

मोटारीचा ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतो. द्रवातला दाब पायाच्या जोराच्या प्रमाणात वाढतो. ब्रेकची पॅडे चकतीला टेकली, की पेडल फारसे पुढे जात नाही. त्यापुढे जे काही घडते ते जोराने. साध्या संचातले पेडल ह्याच्या उलट वागते. त्यात बहुधा पोटेन्शिओमीटर असतो आणि तो पेडल किती खाली गेले, एवढेच मोजतो. पाय चार सेंटिमीटर गेला की साडेचार, हे प्रत्येक वळणावर बिनचूक साधणे अवघड असते. पायाला अंतरापेक्षा जोराची आठवण अधिक पक्की राहते, असे ह्या खेळातील मुरलेले खेळाडू सांगतात. आणि खऱ्या मोटारीची रचनाही त्यालाच अनुकूल आहे.

ह्यावरचा उपाय म्हणजे लोडसेलचे पेडल. लोडसेलमध्ये धातूच्या एका तुकड्यावर बारीक तारेची पट्टी चिकटविलेली असते. दाब पडला, की धातू किंचित वाकतो, तार ताणली जाते आणि तिचा रोध बदलतो. हा सूक्ष्म बदल मोजण्यासाठी जी मांडणी वापरतात ती आपण प्रयोगशाळेत करतो तीच : व्हीटस्टनचा सेतू. थ्रस्टमास्टरचे टी-एलसीएम पेडल अशा रीतीने १०० किलोपर्यंतचा दाब मोजते. तेवढा दाब कोणी देत नाही. खेळाच्या रचनेत आपल्या सोयीप्रमाणे ३० किंवा ४० किलोला पूर्ण ब्रेक ठरविता येतो. ॲक्सिलरेटरला लोडसेलची गरज नसते. तेथे अंतर मोजणेच योग्य. चुंबकावर चालणारा, न घासणारा हॉल सेन्सर असल्यास तो अधिक टिकतो.

३. बैठक

लोडसेल घेतला आणि खुर्ची चाकांची असली, तर न्यूटनचा तिसरा नियम तत्काळ प्रत्ययास येतो. पायाने ४० किलोचा दाब दिला, की खुर्चीही तेवढ्याच जोराने मागे ढकलली जाते. म्हणून प्रथम न हलणारी खुर्ची पाहावी, आणि पेडले भिंतीला टेकवावीत किंवा फळीवर आवळावीत. फळी खुर्चीच्या पायांना जोडून घेतली तर बलाची साखळी तेथल्या तेथे पुरी होते. चाकासाठी जाड फळीचे टेबल चालते. पातळ टेबल मात्र ५ न्यूटन-मीटरच्या चाकापुढे करकरू लागते. तयार स्टँड महाग पडतात. बेळगावात उद्यमबागेकडे लोखंडी अँगल कापून वेल्डिंग करून देणाऱ्यांची वाण नाही. माप घेऊन गेल्यास बळकट सांगाडा बेताच्या खर्चात होतो.

४. खरेदीपूर्वी

आपले यंत्र कोणते, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. जी-२९ हे प्लेस्टेशन आणि संगणकासाठी आहे. जी-९२० हे एक्सबॉक्स आणि संगणकासाठी. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, पण एकाचे दुसऱ्यावर चालत नाही. संगणकावर एका कंपनीचे चाक आणि दुसऱ्या कंपनीची पेडले वेगवेगळ्या यूएसबी तारांनी जोडून एकत्र वापरता येतात. कन्सोलवर ही मोकळीक सहसा नसते.

जुना संच घेताना तो संगणकाला जोडून पाहावा. पेडल अगदी सावकाश दाबीत पडद्यावरची पट्टी पाहावी. ती मध्येच उसळत असेल तर पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ आहे किंवा तो झिजला आहे. चाक हलके डावीउजवीकडे हलवून दात्यांमधली फट किती आहे, हेही अजमावावे.

तात्पर्य, क्रम असा असावा : आधी यंत्राशी जुळणी, मग घट्ट बैठक, मग जोर मोजणारा ब्रेक आणि सर्वांत शेवटी भारी चाक. बेताच्या पैशात दातेरी चाक आणि चांगला ब्रेक ही जोडी, भारी चाक आणि पोकळ पेडल ह्या जोडीपेक्षा सरस ठरेल.

ही विद्या केवळ पडद्यापुरती नाही, ह्याचा दाखला आहे. निसान आणि प्लेस्टेशन यांनी २००८ साली ‘ग्रान टुरिस्मो’च्या खेळाडूंतून शर्यतीचे चालक निवडण्याची योजना सुरू केली. तिचा २०११चा विजेता ब्रिटनचा यान मार्डनबरो दोन वर्षांनी ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला. परंतु खेळाच्या खुर्चीत वळणाचा झोत अंगावर येत नाही आणि जिवाची भीतीही नसते. तेथे मोटार आपटली तर एक बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. रस्त्यावर तसे बटण नाही. हातापायांनी जे शिकले ते नियंत्रण रस्त्यावर अवश्य न्यावे. वेग मात्र पडद्यातच राहू द्यावा.