फांदी कोणी हलवली?



जॉन नोल्स या अमेरिकन लेखकाची ‘ए सेपरेट पीस’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, १९४२चा. न्यू हॅम्पशायरमधील मुलांच्या एका निवासी शाळेत जीन आणि फिनी हे जिवलग मित्र. जीन अभ्यासात हुशार, फिनी खेळात. फिनी मुद्दाम आपला अभ्यास बुडवतो आहे, असे जीनच्या मनाने घेतले. पुढे त्याला कळून चुकते, की फिनीच्या मनात स्पर्धा मुळी नव्हतीच. येथे वैर संपायला हवे होते. उलट त्यानंतरच, नदीकाठच्या झाडावर दोघे उभे असताना, जीन फांदी हलवतो. फिनी पडतो, त्याचा पाय मोडतो.

मला हीच जागा सर्वांत बोलकी वाटते. शत्रुत्व खोटे ठरले तरी मत्सर गेला नाही. मित्राचा चांगुलपणाच सलू लागला. हाबेलने तरी काईनाचे काय वाकडे केले होते?

हॉब्ससारखे तत्त्ववेत्ते संघर्ष माणसाच्या स्वभावातच पाहतात. युद्धांचे मूळ अंतःकरणात आहे, असे कादंबरीही सुचवते. ख्रिस्तसभा आदिपापाची जखम नाकारत नाही. पण उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात परमेश्वर काईनाला खुनाच्या आधी सावध करतो. म्हणजे त्याला थांबता येत होते. मत्सर मनात येणे आपल्या हाती नसेल. फांदी हलवणे असते.

पुढे फिनी जिन्यावरून पडतो, तोच पाय पुन्हा मोडतो. जीनने ते द्वेषाने केले नव्हते, यावर दवाखान्यात तो विश्वास ठेवतो. त्याच दिवशी हाड बसवताना फिनी दगावतो. क्षमा मात्र आधीच झालेली असते.